गावाच्या नावात अक्षरं किती? ब्राउझरमधल्या ‘इंटल सेगमेंटर’ची परीक्षा

शब्दकोडं, नावांच्या भेंड्या किंवा तालुक्याची यादी अक्षरसंख्येनुसार लावायची असेल, तर बहुतेक जण आधी स्प्रेडशीटमधलं ‘लेन’ सूत्र वापरतात आणि तिथेच फसतात. ‘लेन’ काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं. नागपूरची अक्षरं चार, ते सांगतं सहा. महाराष्ट्रची चार, ते सांगतं दहा.

त्यापेक्षा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतला इंटल सेगमेंटर, म्हणजे मजकुराचे तुकडे करून देणारं तयार साधन, खूपच बरा. क्रोम आणि सफारीत तो आधीपासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२४ साली १२५व्या आवृत्तीत आला. वेगळं काही बसवावं लागत नाही, पैसेही नाहीत. भाषेचा संकेत ‘एमआर’ आणि एकक ‘ग्राफीम’ (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारा तुकडा) देऊन नाव त्याच्या हवाली करायचं. उत्तराची थेट ‘लेंग्थ’ विचारली तर ‘अनडिफाइंड’ मिळतं, कारण ते उत्तर ॲरे (मोजता येणारी यादी) नसतं. आधी ॲरे करा, मग मोजा.

वापरण्यापूर्वी एक चाचणी मात्र हवीच: नुसतं ‘क्ष’ देऊन बघा. उत्तर एक आलं तर ठीक, दोन आलं तर ब्राउझर जुना. जोडाक्षर मध्ये तोडायचं नाही हा नियम युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांचं जागतिक मानक) २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमाने महाराष्ट्रचे सहा तुकडे पडतात: म, हा, रा, ष्, ट्, र. जोडाक्षरं असलेल्या गावांचेच आकडे फुगतात, पुणे-सातारा बरोबर येतात, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

मोकळी जागाही हा एक अक्षर धरतो. औंढा नागनाथची अक्षरं सहा, उत्तर येतं सात. जागा आणि संयोगचिन्हं आधी काढून टाका.

कऱ्हाडचा घोळ निराळा. त्यातला अर्धा र तीन प्रकारे टंकलेला सापडतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, र, नुक्ता (खालचं टिंब) आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि जोडक हे न दिसणारं चिन्ह. मोजणी तिन्हींत तीनच येते, इथे सेगमेंटरला पूर्ण गुण. पण यादीतली दुबार नावं शोधताना ही तीन वेगळी गावं ठरतात. ‘एनएफसी’ सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगळी टंकनं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) पहिली दोन एक होतात. जोडकवालं रूप हातानेच बदलावं लागतं.

इथवर पाचपैकी चार गुण. उच्चार मोजायचा असेल तर एकही नाही, आणि दोष त्याचा नाही, ते त्याचं कामच नव्हे. औंध लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच झटका. पनवेल चार, तोंडात दोन: पन-वेल. डोंबिवली चार, उच्चारात तीन: डोम्-बिव्-ली. रत्नागिरी मात्र दोन्हीकडे चार.

यावर एक ढोबळ नियम लावता येतो: शेवटचा सुटा अ गाळा (आधी जोडाक्षर नसेल तर), मग उजवीकडून डावीकडे येत दोन स्वरांच्या मधल्या अक्षरातला सुटा अ गाळा. बारामती, सांगली, नागपूर याने नीट सुटतात. सामासिक नावं आली की तो आपटतो. अहिल्यानगरचं ‘अहिल्यान्गर’ होतं, इचलकरंजीचं ‘इच्लक्रंजी’. हातकणंगले तालुक्यातल्या कुणाला हे वाचून दाखवू नये! उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: यादीत आणखी एक रकाना घ्या, त्यात जोडाच्या जागी उभी रेघ द्या (अहिल्या|नगर, इचल|करंजी) आणि नियम प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र लावा. मग दोन्हींचं उत्तर पाच येतं.