प्लास्टरचं लेबर काम घेणाऱ्यांनो, सिमेंटचा कोटा कोण ठरवतो ते आधी बघा

लेबर रेटवर प्लास्टर, वीटकाम, टाइल्स असली कामं घेणाऱ्या माझ्यासारख्या छोट्या ठेकेदारांसाठी लिहितोय, तुमच्या मुकादमालाही वाचून दाखवा. मेन कॉन्ट्रॅक्टर पैसे लटकवतो हे सगळ्यांना माहितीये, त्यात नवीन काही नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. साइटवर जे मटेरियल मारतात ना, त्याच्याच जोरावर पुढे तुमचं बिल मारतात. वरवर दोन चोऱ्या दिसतात, पण चोरी एकच.

काम पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूचं, 2023 च्या सुरुवातीचं. नाव घेत नाही, केस चालू आहे. आत जिप्समवाले वेगळे होते, आमच्याकडे बाहेरचं सँडफेस (खरखरीत प्लास्टर), डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी), जिने आणि टॉयलेटचं प्लास्टर. मटेरियल त्यांचं, माणसं माझी. वर्क ऑर्डर एका पानाची, त्यात रेट, आरए बिल (काम होईल तसं काढायचं चालू बिल) 15 दिवसांत, 5 टक्के रिटेन्शन (काम पूर्ण होईपर्यंत ते राखून ठेवतात ती रक्कम), आणि सगळ्यात खाली एक ओळ, कामाच्या दर्जाबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील. ही ओळ जवळजवळ सगळ्यांच्याच ऑर्डरमध्ये असते आणि आपण त्यावर सही करतोच, कारण नाही केली तर काम शेजारचा घेतो.

पहिलं बिल टायमावर आलं, पूर्ण आलं. पहिल्या बिलाला कोणी लटकवत नाही बरं का. तुमची टोळी अजून साइटवर रुळायची असते, परांची बांधून व्हायची असते, तेव्हा तुम्ही निघून गेलात तर त्यांचंच नुकसान. खेळ सुरू होतो तो दुसऱ्या बिलापासून.

आता सिमेंटचं बघा. कागदावर पहिला कोट 1:4, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. 12 एमएमचा कोट 100 स्क्वेअर फूट मारायचा तर वेस्टेज धरून एक पोतं तरी लागतंच, हे कुठलाही गवंडी झोपेत सांगेल. स्टोअरमधून मिळायचं अर्ध्या पोत्याच्या थोडं वर. म्हणजे हिशोब करा, 1:8 च्या आसपास गेलं. स्टोअरकीपरला विचारलं तर म्हणे वरून कोटा तेवढाच आहे, साहेबांशी बोला. साहेब म्हणाले, "भाऊ, तुमच्या मिस्त्रीला हात हलका ठेवायला सांगा ना, वेस्टेज फार आहे तुमचं." वॉटरप्रूफिंगचं लिक्विड पोत्यामागे 200 मिली टाकायचं असतं, ते कधी यायचं कधी नाही. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) तर निम्मी डस्ट, पाणी टाकलं की नुसता चिखल. कॉलम आणि ब्लॉकच्या जॉइंटवर चिकन मेश मारायची असते, नाहीतर बरोबर त्याच रेषेत भेग जाते, तर ती जाळी शेवटपर्यंत साइटवर आलीच नाही. बिल्डरकडे मात्र जाळीचं बिल लागलं, हे मला त्यांच्याच बिलिंगच्या पोराकडून कळलं.

आणि पाणी. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं हा साधा नियम, आणि एप्रिलचं ऊन, तिकडं पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावता येत नाही अशी तापलेली असते. टँकर यायचा तो स्लॅबच्या पाण्यालाच पुरायचा नाही. आमचा मुकादम रोज सकाळी त्या तरुण इंजिनिअरकडं जायचा, साहेब पाणी, साहेब पाणी. मी रोज व्हॉट्सअपवर टाकायचो, आज पाणी नाही, आज लिक्विड नाही, सोबत भिंतीचा फोटो. उत्तर कधी आलं नाही पण निळ्या टिका येत होत्या. हे मेसेज पुढं फार कामाला आले, तेव्हा तुम्हीही टाकत जा, तोंडी बोलण्याला साइटवर काडीची किंमत नाही.

दुसऱ्या बिलाचे थोडेफार आले, तिसरं सर्टिफाय झालं, म्हणजे त्यांनी तपासून मान्य केलं, पण पैसे नाहीत. दोन्हीचे मिळून 7,40,000 अडकले, जीएसटी वेगळा. अकाउंटला टाकलंय, बिल्डरकडून आलं नाही, मार्च एंड आहे, शेठ गावाला गेलेत, हे सगळं ऐकून झालं. तोपर्यंत दर शनिवारी टोळीची खर्ची मी खिशातून देत होतो. माणसं नांदेडकडची, त्यांची पोरंबाळं लेबर कॅम्पवर, त्यांना काय सांगणार की शेठ गावाला गेलेत? बायकोचे दागिने गहाण पडले तेव्हा. मेन कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं एकच, लेबर तुमचं, तुम्ही बघा.

जूनमध्ये दोन पाऊस पडले आणि बाहेरच्या भिंतींवर ओलीचे नकाशे उमटले. मग तोच इंजिनिअर, जो पाण्याच्या मेसेजला उत्तर देत नव्हता, सळईचा तुकडा घेऊन परांचीवर चढला आणि भिंत ठोकत सुटला, जिथं बद्द वाजेल, म्हणजे प्लास्टर आतून सुटलेलं, तिथं खडूनं फुली. ठक ठक, बद्द, फुली. मुकादम माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. चार दिवसांनी डेबिट नोट आली. प्लास्टर काढून परत करण्याचा खर्च, परांचीचं भाडं, हेल्मेट न घातल्याचा दंड, लाइट बिल, आणि सगळ्यात कहर म्हणजे जादा सिमेंट वापरल्याची वसुली. सिमेंट कमी पडलं म्हणून भिंत बद्द वाजतेय आणि सिमेंट जास्त वापरलं म्हणून पैसे कापतायत, एकाच कागदावर! सगळं वजा करून म्हणे तुमच्याकडूनच आम्हाला येणं निघतं.

आता ज्यानं थोडंफार हाती लागलं ते सांगतो. माझ्या सीएनं 26 एएस काढलं, म्हणजे माझ्या नावावर कोणी किती टीडीएस कापला त्याचा इन्कम टॅक्सकडचा उतारा. त्यात 31 मार्चच्या तारखेनं माझ्या अडकलेल्या पूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएस कापलेला दिसला, 7,400 रुपये. म्हणजे मार्चअखेरीला यांनी माझं बिल मान्य करून खर्चात टाकलं, त्याचा फायदा घेतला, आणि जूनमध्ये म्हणतात काम खराब. वकील म्हणाले हा कागद सोन्याचा आहे. दुसरं जीएसटी. पैसे मिळोत न मिळोत, बिल काढलं की 18 टक्के भरावेच लागतात, 1,33,200 मी पदरचे भरले, आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून तेवढी वजावट, त्यांनी घेऊन टाकलं. पण नियम असा आहे की बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत समोरच्यानं पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट त्याला व्याजासकट परत करावं लागतं. नोटीसमध्ये हे लिहिल्यावर पहिल्यांदा त्यांच्या अकाउंटवाल्याचा स्वतःहून फोन आला.

एप्रिलमध्ये त्यांनी तीन लाखांचा चेक दिला होता, जूनची तारीख टाकून, आणि वर सांगितलं की टाकू नका, फंड येतोय. हे लक्षात ठेवा, चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, "थांबा थांबा" करत तेवढा वेळ काढायचा हाच डाव असतो. मी टाकला, बाउन्स झाला. बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात 138 ची, म्हणजे चेक बाउन्सची, केस टाकायची. एक तारीख हुकली की समोरचा वकील तेच धरून बसतो.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) आहे म्हणून छोट्यांचे पैसे 45 दिवसांत द्या म्हणणाऱ्या कायद्यावर जास्त भरवसा ठेवू नका. वर्क्स कॉन्ट्रॅक्टला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या बांधकामाच्या ठेक्याला) तो लागत नाही असे मुंबई हायकोर्टाचे निकाल आहेत आणि समोरची पार्टी पहिल्याच तारखेला ते काढते. नुसतं लेबरचं काम असेल तर वकिलाशी नीट बोलून मगच फी भरा.

दिवाळीच्या आधी बोलावून घेतलं, अडीच लाख देतो म्हणाले, फक्त या कागदावर सही करा. कागदावर "फुल अँड फायनल, काही येणं नाही". मुकादम खाली गेटवर उभा होता, त्याला गावी जायचं होतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर दिवाळी गाठली. सही केली नाही. वकिलाला तिथूनच फोन लावला, शेवटी "ऑन अकाउंट", म्हणजे एकूण येण्यापैकी काही, असं लिहून अडीच लाख आरटीजीएसनं आले, त्यातले बहुतेक टोळीला गेले. बाकीचं कोर्टात आहे. रिटेन्शनची तर तारीखच ऑर्डरमध्ये नव्हती, नुसतं "काम पूर्ण झाल्यावर" लिहिलेलं, आणि बिल्डिंगला कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळेपर्यंत यांच्या लेखी काम पूर्ण होत नाही. तुमच्या ऑर्डरमध्ये तिथं महिना आणि साल टाकून घ्या, आणि सिमेंट किती, पाणी कोणाचं, हेही त्याच कागदावर.