शाळेतली तक्रारपेटी: भेदभावाच्या तक्रारींसाठी कितपत कामाची?

जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेच्या व्हरांड्यात हल्ली एक पेटी टांगलेली असते. ५ मे २०१७ च्या शासन परिपत्रकाने ती शाळांना बसवायला सांगितली. ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या घटनेनंतर निघालेल्या शासन निर्णयाने ती पुन्हा बजावली, आणि सोबत सीसीटीव्ही, सखी सावित्री समिती, विद्यार्थी सुरक्षा समिती हेही आलं. या सगळ्याचा मुख्य रोख लैंगिक अत्याचार रोखण्यावर आहे आणि तो असायलाच हवा. इथे आम्ही तिची पारख दुसऱ्या अंगाने केली आहे. जात, धर्म, भाषा, अपंगत्व किंवा आईबापांचं काम यांवरून मुलाला शाळेत जे सोसावं लागतं, ते या पेटीतून बाहेर येतं का?

मत आधीच सांगतो. जशी ती बहुतेक ठिकाणी टांगलेली असते, तशी भेदभावासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही. पण चार-पाच गोष्टी बदलल्या तर इतक्या कमी खर्चात इतकं चांगलं साधन दुसरं नाही.

आधी पेटीच. पत्र्याची, प्लायवूडची आणि पारदर्शक ॲक्रिलिकची असे तीन प्रकार दिसतात. ॲक्रिलिकची घेऊ नये. आत किती चिठ्ठ्या आहेत, कुठल्या वहीचा कागद आहे, हे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं आणि लहान गावात तेवढ्यावरून मूल ओळखता येतं. पत्र्याची सर्वांत बरी, पण पावसाचा सपका लागणार नाही अशा जागी लावावी, नाहीतर दोन पावसाळ्यांत कडी गंजते, कुलूप अडकतं आणि मग पेटी उघडायचीच राहून जाते. फट साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम १ सेंटीमीटर रुंद असावी. फट त्याहून रुंद झाली की पट्टी घालून चिठ्ठी ओढून काढता येते. वेल्डरकडून करून घेणार असाल तर फटीच्या आतल्या बाजूला खाली झुकणारी एक पट्टी बसवायला सांगा, मग ती शक्यताच संपते.

उंचीची चूक सगळीकडे सारखी. पेटी मोठ्या माणसाच्या नजरेसमोर टांगतात. पहिलीतल्या मुलाची उंची ११० सेंटीमीटरच्या आसपास. त्याचा हात सहज पोचायचा तर फट जमिनीपासून ९० ते १०० सेंटीमीटरवर हवी. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलालाही हीच उंची सोयीची.

जागेचा मामला अवघड आहे. परिपत्रक दर्शनी भागात लावा म्हणतं, आणि शाळा ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर लावतात. तिथे चिठ्ठी टाकणारा प्रत्येकजण दिसतो. त्यातून वर सीसीटीव्हीचा कॅमेरा असेल तर विचारायलाच नको. पेटी दिसली पाहिजे, टाकणारा वेगळा उठून दिसता कामा नये. वाचनालयाच्या दाराशी किंवा सगळी मुलं दिवसातून दोनदा जातात अशा वळणावर ती लावावी, आणि कॅमेऱ्याचं तोंड तिच्याकडे नको. स्वच्छतागृहाजवळ लावू नये, तिथे ओल येते आणि पेटीत कचरा पडतो.

आता खरी अडचण. पेट्या उघडल्या की आत काय निघतं? पंखा चालत नाही, मैदानावर खडे आहेत, अमक्याने माझं पेन घेतलं. भेदभावाबद्दल ओळही नसते, आणि मग अहवालात ‘तक्रार निरंक’ लिहिलं जातं. याचा अर्थ भेदभाव निरंक असा होत नाही. मारहाण ही घटना असते, तिची तक्रार सुचते. भेदभाव बहुधा रिवाज म्हणून चाललेला असतो. वर्ग झाडायला रोज त्याच दोन मुली. ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा’ अशी भर वर्गात दिलेली हाक, ज्यातून साठ डोळ्यांना कोणाची जात कोणती ते कळतं. पारधी वस्तीवरच्या पोराचं दप्तर काही हरवलं की सर्वांत आधी तपासणं. मुसलमान मुलाला भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ऐकवलेला टोमणा. घरी गोरमाटी किंवा भिली बोलणाऱ्या मुलीच्या उच्चारावर हसणारा वर्ग आणि त्या हसण्यात सामील होणाऱ्या बाई. मूल हे सगळं ‘असंच असतं’ म्हणून घेतं. कोरी पेटी त्याला काहीच विचारत नाही, म्हणून ते काही सांगत नाही.

म्हणून पेटीसोबत छापील चिठ्ठी हवी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकसारखा कागद आणि एकसारखी पेन्सिल द्यायची. प्रत्येकाने काहीतरी लिहायचं आणि प्रत्येकाने रांगेने पेटीत टाकायचं. सगळेच टाकतात म्हटल्यावर कोणी टाकली हा प्रश्न उरत नाही. हा एकच बदल करायचा असेल तर हाच करा.

चिठ्ठीवर ‘तुझ्याशी भेदभाव होतो का?’ असं विचारू नका. उत्तर ‘नाही’ येतं. प्रश्न कसे असावेत याचा आराखडा कायद्यातच तयार आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या २०१० च्या नियमांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना कुठे वेगळं काढता येणार नाही त्या जागा नावानिशी दिल्या आहेत: वर्ग, माध्यान्ह भोजन, मैदान, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, आणि वर्ग वा स्वच्छतागृहाची सफाई. प्रत्येक जागेवर एक साधा प्रश्न करा. जेवताना तुझ्या शेजारी कोण बसतं, आणि ती जागा कोणी ठरवली? या आठवड्यात वर्ग कोणी झाडला? पाण्याच्या टाकीला हात लावू नको असं कोणाला सांगितलं? खेळात कोणाला घेत नाहीत? नावाऐवजी दुसऱ्या शब्दाने कोणाला हाक मारतात, तो शब्द कोणता? मूल इथे तक्रार करत नाही, पाहिलेलं सांगतं, त्यामुळे भीतीही कमी. पहिली-दुसरीसाठी पंगतीचं चित्र छापून ‘तू कुठे बसतोस तिथे गोल कर’ एवढं पुरतं. ऊसतोडीच्या हंगामात मधेच येणाऱ्या किंवा परराज्यातून आलेल्या मुलांना प्रश्न त्यांच्या भाषेत तोंडी विचारावेत, आणि लिहून घेणारी व्यक्ती त्यांची वर्गशिक्षक नसावी.

पंगतीच्या प्रश्नाला जास्त वजन द्या. पोषण आहार ही शाळेतली अशी जागा आहे जिथे भेद उघड्या डोळ्यांनी मोजता येतो. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य हे माप सगळ्यांना सारखं, पण वाढणारा हात कोणाच्या ताटापासून उंच राहतो ते चिठ्ठ्या सांगतात. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावं असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. अशी नेमणूक झाल्यावर काही घरचे डबे अचानक सुरू होतात. चिठ्ठ्यांत ‘मी डबा आणतो’ एकाएकी वाढलं तर त्याची तारीख आणि नेमणुकीची तारीख शेजारी ठेवून पाहा.

पेटी उघडण्याची पद्धत ढिली असेल तर वरचं सगळं वाया. दोन कुलपं लावा, दोन वेगवेगळ्या किल्ल्या. एक मुख्याध्यापकांकडे, दुसरी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईकडे. ती आई शक्यतो वंचित घटकातली असावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना प्रमाणात जागा द्याव्याच लागतात, तेव्हा अशी सदस्य नाही हे कारण चालत नाही. उघडण्याचा वार ठरलेला असावा. चिठ्ठ्यांना क्रमांक द्या, नोंदवहीत फक्त सारांश उतरवा, मूळ चिठ्ठ्या लिफाफ्यात बंद करून सह्या करा. कारण साधं आहे: वर्गशिक्षक मुलांचं अक्षर ओळखतात. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्या हाती मूळ कागद गेला की पुढच्या महिन्यात त्या वर्गातून एकही खरी ओळ येणार नाही.

द्विशिक्षकी शाळेत ही व्यवस्था मोडते. दोनच गुरुजी, त्यातलेच एक मुख्याध्यापक, आणि तक्रार त्या दोघांपैकी एकाबद्दल. अशा शाळांत पेटी केंद्रप्रमुखांच्या समक्षच उघडली पाहिजे. महिन्यातून एक फेरी त्यांची होतेच, तोच दिवस धरावा.

निनावी चिठ्ठीची मर्यादाही माहीत हवी. तिच्यावरून शाळा सुधारणा करू शकते, पण तिच्या आधारे वरच्या अधिकाऱ्यांकडे उत्तर मागता येत नाही. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, महापालिकेच्या शाळेसाठी तिथल्या शिक्षण विभागात. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर तीन महिने कुठून मोजायचे हाच वाद होतो. पालकाला नाव द्यायची भीती वाटत असेल तर समितीने ठराव करून तक्रार आपल्या नावाने पाठवावी. चिठ्ठ्यांची नोंदवही इथेच उपयोगी पडते: सलग तीन महिने एकाच वर्गातून एकच गोष्ट येत असेल तर ती एका मुलाची कुरबुर म्हणून उडवून लावता येत नाही.

अर्जात विशेषणं नकोत. ‘जातीयवादी वागणूक’ लिहिलं की समोरून ‘आरोप निराधार’ एवढंच उत्तर येतं. तारीख, तास, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आणि कोणी ऐकलं. एका अर्जात एकच गोष्ट. शेवटी मागणी स्पष्ट करा: पंगतीत हजेरीपटाच्या क्रमाने बसवून दर सोमवारी क्रम पुढे सरकवावा, सफाईची पाळी सर्व मुलामुलींत फिरती ठेवून भिंतीवर लावावी, शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात हाक न मारता पालकांकडून घ्यावेत. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ अशा मागणीवर समज देऊन फाइल बंद होते.

शिक्षण हक्क कायदा पहिली ते आठवीपुरता आहे, हे अनुदानित हायस्कूलच्या पालकांनी ध्यानात ठेवावं. नववी-दहावीसाठी अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जातो. बालहक्क आयोगाचा दरवाजा मात्र अठरा वर्षांपर्यंत उघडा आहे. अनुदानित शाळेत आणखी एक गुंता असतो. पगार सरकार देतं, पण शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याप्रमाणे संस्थाच करते. म्हणून एक प्रत संस्थेच्या सचिवांना हवीच. ‘आमची खाजगी संस्था आहे’ या उत्तराला घाबरू नका. राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या शाळेला धर्म, वंश, जात, भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २९(२) मध्ये स्पष्ट आहे.

फोनच्या सेवांबद्दल थोडक्यात. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. आता ती सरकार चालवतं. मूल धोक्यात असेल, मारहाण झाली असेल, घाबरून घरून निघून गेलं असेल तर रात्रीबेरात्री हाच नंबर. गाव, तालुका, जिल्हा आधी सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. पंगतीतली जागा किंवा टोमणे यांसारख्या गोष्टींसाठी ती तितकी उपयोगाची नाही, तिथे लेखी अर्जच लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर १४५६६ हा अत्याचारविरोधी हेल्पलाइनचा नंबर आहे, पण पोलिस ठाण्यात जाणं त्याने टळत नाही. आणि चिठ्ठीत लैंगिक गैरवर्तनाचा उल्लेख निघाला तर महिन्याची, समितीची, कशाचीच वाट पाहायची नाही. पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे.

सीसीटीव्हीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. पुष्कळ शाळांतल्या कॅमेऱ्यांत आवाज नसतो, आणि भेदभाव बराचसा शब्दांत असतो. पंगतीतली बसण्याची व्यवस्था तेवढी त्यात नीट दिसते. पण हार्ड डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून घटना घडल्या दिवशीच ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं’ असा अर्ज देऊन पोच घ्यावी.

खर्चाची अडचण खरं तर नाही. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार रुपये. समितीच्या ठरावाने पेटी, दोन कुलपं आणि वर्षभराच्या छापील चिठ्ठ्या त्यात सहज बसतात. ठरावातच उघडण्याचा वार, किल्ल्या कोणाकडे, नोंदवही कोण लिहिणार हे नावानिशी घाला. आणि काही बदल केला, समजा पंगत फिरती केली, तर पुढच्या महिन्याच्या चिठ्ठीत तोच प्रश्न तसाच ठेवा. बदल पहिल्या आठवड्यापुरताच होता की टिकला, ते मुलंच लिहितात.