"एक नर पाच मादी" म्हणून ऑरेटस मासे घेतले, सहापैकी पाच नर निघाले

आफ्रिकन सिक्लिड माशांचा "सेक्स्ड ग्रुप", म्हणजे नर-मादी ओळखून जमवलेला सेट, कोणी विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. मी वाचलं नव्हतं कुठे, म्हणून लिहितोय.

माझा टँक तीन फुटी. मलावी सरोवरातले मबुना, म्हणजे दगडांच्या कपारीत राहणारे सिक्लिड, ठेवायचे होते आणि त्यातले ऑरेटस बघताक्षणी आवडले. दुकानात समोरच एका टाकीत एक काळाकुट्ट मोठा मासा, अंगावर फिकट पट्टा, आणि भोवती पाच पिवळेधमक, काळे-पांढरे पट्टेवाले. काचेवर चिठ्ठी, १ नर ५ मादी. दुकानदार म्हणाला, दादा यात नर ओळखणं एकदम सोपं, काळा तो नर, पिवळ्या त्या माद्या, सेट जमलेला आहे, भांडण होणार नाही. सुट्टे घेतले असते तर बरेच स्वस्त पडले असते पण जमलेला ग्रुप म्हणून जास्तीचे पैसे घेतले आणि मी ते हसत दिले.

आता यातली गोम सांगतो. ऑरेटसची पिल्लं सगळीच पिवळी असतात, नर असो की मादी. नर मोठा होऊन टाकीचा दादा झाला की काळा पडतो. पण टाकीत आधीच एक दादा असेल तर दबून राहिलेले नर बरेच दिवस पिवळेच राहतात, म्हणजे दिसायला हुबेहूब मादी. त्यामुळे एक वाढलेला काळा नर घ्या, त्याच्यात कुठलीही पाच अर्धवट वाढलेली पोरं सोडा, झाला तुमचा "१ नर ५ मादी" सेट तयार. माझ्यासारखा नवखा माणूस रंग बघतो आणि गप्प बसतो.

पहिले दोन आठवडे शांततेत गेले. मग एक पिवळा मासा वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपामागे लटकून राहायला लागला, खाली यायचाच नाही, शेपटी फाटलेली. (हे लक्षात ठेवा, मबुना वरच्या कोपऱ्यात किंवा हिटरमागे दडून बसला की तो मार खातोय असंच धरायचं.) मी फोटो दाखवला तर दुकानदार म्हणाला फिन रॉट आहे, म्हणजे पर सडण्याचा रोग, हे औषध टाका. निळं औषध, बाटलीवर धड लेबलही नाही. मी मुकाट्याने मेन टँकमध्ये ओतलं. नंतर कळलं की मेथिलिन ब्लूसारखी औषधं फिल्टरमधले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरियासुद्धा मारतात, मग अमोनिया चढतो, आणि मलावीच्या माशांना पाणी लागतं आठच्या आसपास पीएचचं, तेवढ्या पीएचला अमोनिया जास्तच विषारी. दोन मासे गेले. रोग नव्हताच हो, चावे होते ते!

परत गेलो. म्हणे ग्रुप तुटला ना, म्हणून नर चिडलाय, अजून तीन माद्या न्या, त्याच लॉटमधल्या. नेल्या. दगडांची मांडणी न बदलता तसेच सोडले, म्हणजे प्रत्येक कपार आधीच कुणाच्या तरी ताब्यात, नवे आलेले उघड्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मेलेला. तिसऱ्या खेपेला त्याने सगळ्यात भारी काम केलं, म्हणाला हा नरच जास्त तापट आहे, आणा तो, बदल्यात एक मादी देतो. मी म्हटलं वा, किती भला माणूस. काळा नर त्याच्याकडे परत गेला आणि माझ्याकडे सहा पिवळ्या "माद्या" राहिल्या.

दहा-बारा दिवसांत सगळ्यात मोठी "मादी" काळी पडायला लागली.

एक मित्र बरीच वर्षं सिक्लिड पाळतोय, त्याला बोलावलं. त्याने हात ओला करून एकेक मासा उलटा धरला आणि पोटाखालची दोन छिद्रं बघितली. नरात दोन्ही साधारण सारखी असतात, मादीत अंडी येतात ते छिद्र स्पष्ट मोठं असतं. सहापैकी पाच नर. एक मादी, सगळ्यात हडकुळी. तोच म्हणाला, इतक्या महिन्यांत एकही मादी तोंडात अंडी धरून बसली नाही यावरूनच शंका यायला हवी होती, कारण या माद्या साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात ठेवतात, हनुवटी फुगलेली दिसते आणि खाणं जवळपास बंद असतं.

मी व्हिडिओ घेऊन दुकानात गेलो तर उत्तर काय, "सिक्लिडमध्ये मादीचा नर होतो हो कधीकधी, पाण्यावर असतं." लिंग बदलणारे मासे आहेत, नाही असं नाही, पण क्लाउनफिशमध्ये तर उलटं, नराची मादी होते, आणि ते समुद्रातले. इथे मादीचा नर झाला नव्हता, नरच होता तो, वरचा दादा गेल्यावर त्याने रंग दाखवला एवढंच. बोलता बोलता समोरच्या टाकीकडे लक्ष गेलं, माझाच काळा नर, वरच्या फिनला तीच खाच, भोवती पाच पिवळे, चिठ्ठीसकट. पैसे परत मिळाले नाहीत.

संख्येचं पण सांगतो, कारण तिथेही त्याने मला उल्लू बनवलं. सहा पुरे, जास्त झाले तर गर्दी होते म्हणाला. मबुनात थोडे मासे म्हणजे दादाचा सगळा राग एकदोघांवरच निघतो, आणि ते मरेपर्यंत निघतो. जास्त असले की मार वाटला जातो, कुणा एकाच्या मागे लागता येत नाही. एका नरामागे पाचसहा तरी माद्या, दगड-कपारी भरपूर, टँक चार फुटी निदान. पण मासे जास्त म्हणजे फिल्टर तगडा हवा आणि आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचा कंटाळा करून चालत नाही. आणि ऑरेटस नवख्याने घेऊच नये हे माझं प्रामाणिक मत, यलो लॅब घ्या, तेही मबुनाच पण बरेच शांत असतात. मला मात्र अजून ऑरेटसच आवडतात, काय करणार.

चार नर त्या मित्राने नेले, एक आणि मादी वेगवेगळ्या टाकीत आहेत. उसनवारीने चार फुटी टँक आणला आणि यावेळी बारा लहान पिल्लं घेतली, सुट्टी, नर-मादीचा कुठलाही वायदा न घेता. काळा पडायला लागला की जो दादा आहे तो ठेवायचा आणि बाकीचे नर काढत जायचं असं ठरलंय. आतापर्यंत दोन काढले, आणि परवापासून तिसऱ्याची शेपटी जरा काळपट वाटतेय.