परीक्षेच्या तयारीसाठी अँकी ॲप: कामाचे, पण स्वतः कार्डे बनवणाऱ्यालाच

दहावी-बारावीच्या आणि गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवताना मी गेली काही वर्षे अँकी हे ॲप वापरून घेत आहे. दिसायला ते रुक्ष आहे. त्यात पदके नाहीत, टाळ्या नाहीत, शाबासकी देणारे चित्रही नाही. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असते. उत्तर आधी मनात आठवायचे, मग कार्ड उलटायचे आणि आठवायला किती कष्ट पडले ते चार बटणांपैकी एक दाबून नोंदवायचे. जे आठवले नाही ते कार्ड काही मिनिटांत परत येते, जे सहज आठवले ते काही दिवसांनी, पुढे काही आठवड्यांनी आणि मग महिन्यांनी येते.

यामागचा विचार जुनाच आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला आणि 1885 साली तो प्रसिद्ध केला. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, मधल्या काळात पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणे या दोनच पद्धती सर्वांत उपयुक्त ठरल्या. पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे तळाशी राहिले. आमच्याकडची पाठ्यपुस्तके मात्र पिवळ्या-गुलाबी रंगांनी भरलेली असतात. संध्याकाळी दिवा लावल्यावर पाढे आणि परवचा म्हणून घेणाऱ्या आजीला यात काही नवे वाटले नसते. कोणाचा सतराचा पाढा कच्चा आहे हे ती लक्षात ठेवत असे, इथे ते काम ॲप करते. कोणते कार्ड कधी परत आणायचे या हिशेबासाठी ॲपमध्ये मुळात पिओत्र वोझ्नियाक यांच्या 1987 मधील सूत्रावर आधारलेली पद्धत वापरली जात होती. 2023 पासून एफएसआरएस हा अधिक नेमका पर्याय मिळाला असून तो सेटिंगमध्ये जाऊन जरूर चालू करावा.

खरी परीक्षा कार्ड लिहिण्यात असते, आणि बहुतेक मुले ॲप सोडतात ती इथेच. «गोवा मुक्तीनंतरच्या महत्त्वाच्या घटना सांगा» असा प्रश्न लिहून मागे दहा ओळींचे उत्तर चिकटवले, तर ते कार्ड कधीच धड आठवत नाही. आठ वेळा चुकल्यावर ॲप त्याला खूण करते आणि सेटिंगनुसार बाजूलाही ठेवते, आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की वेगळे राहावे यावरील जनमत कौलाची तारीख, 16 जानेवारी 1967, हे एक कार्ड. कौलात मतदारांपुढे कोणते दोन पर्याय होते, हे दुसरे. फूल आणि दोन पाने यांपैकी कोणते चिन्ह कोणत्या पर्यायाचे, हे तिसरे. घटक राज्याचा दर्जा 30 मे 1987 रोजी मिळाला, हे चौथे. इंटरनेटवर तयार संच फुकट मिळतात, पण गोव्याच्या इतिहासासाठी त्यांचा उपयोग नाही, आणि असता तरी मी ते सुचवले नसते. धड्यातून नेमके काय विचारायचे हे ठरवताना निम्मा अभ्यास होऊन जातो.

आपल्याकडे अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून वाचू लागतात. अशा मुलांसाठी हे ॲप विशेष सोयीचे आहे, कारण एकाच कार्डावर दोन्ही भाषा सुखाने नांदतात. ऑस्मोसिसची व्याख्या परीक्षेला लागते तशी इंग्रजीत लिहावी आणि तिच्याखाली मराठीत नोंद करावी की मिठात घातलेली तोरे, म्हणजे कैऱ्या, पाणी सोडून सुरकुततात ती यामुळेच. देवनागरी जोडाक्षरे व्यवस्थित दिसतात. हृदयाच्या किंवा फुलाच्या आकृतीवरील नावे झाकून ती एकेक ओळखायला लावण्याची सोयही आहे. जीवशास्त्राला ती फार उपयोगी पडते. एकदा कार्डे फोनवर उतरली की नेटवर्क लागत नाही, त्यामुळे सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून बसने येणाऱ्या मुलाचा प्रवासही उजळणीत जातो.

मूळ सेटिंगमध्ये दिवसाला वीस नवी कार्डे येतात. शाळा आणि शिकवणी सांभाळणाऱ्या मुलाला ती जास्त होतात, कारण आज घेतलेले प्रत्येक नवे कार्ड पुढे अनेकदा परत येते. ॲपच्या माहितीपुस्तिकेतच रोजच्या उजळणीची मर्यादा नव्या कार्डांच्या किमान दहापट ठेवायला सांगितले आहे. मी आठ-दहापासून सुरुवात करायला सांगतो. गणेश चवथीला मुले गावच्या घरी जातात, आरत्या आणि फुगड्यांत चार-पाच दिवस कोणी फोनला हात लावत नाही, आणि परतल्यावर साचलेला ढीग पाहूनच धीर सुटतो. त्यावर साधा उपाय असा की सणाच्या आठवडाभर आधीपासून नवी कार्डे बंद ठेवावीत आणि परतल्यावरही ढीग उपसला जाईपर्यंत ती चालू करू नयेत.

अँकीचा दिवस मध्यरात्री नव्हे, तर पहाटे चारला बदलतो. उशिरापर्यंत जागणाऱ्यांची ही सोय असली, तरी परीक्षार्थीने तिचा आधार घेऊ नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते आणि दिवसा वाचलेले पक्के होण्यात त्या झोपेचा मोठा वाटा असतो; रात्री दोनला अर्धवट डोळ्यांनी दाबलेली बटणे ॲपला चुकीची माहिती देतात आणि मग पुढचे सगळे वेळापत्रक बिघडते. जागण्यासाठी घेतलेल्या कॉफीतील कॅफीन निम्मे व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सकाळी अंघोळ झाल्यावर, पाव-भाजी पुढ्यात येण्याआधी अर्धा तास कार्डे उरकावीत आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. ॲप फोनवर असल्याने इतर सूचनांचा व्यत्यय येतोच. तेवढा वेळ नेट बंद ठेवता येते, कारण उजळणीला त्याची गरज नसते.

गणितासाठी मी हे ॲप जवळजवळ वापरत नाही. सूत्रे पाठ होतात, पण कोणते सूत्र कुठे लावायचे हे वहीत उदाहरणे सोडवूनच कळते. निबंध आणि दीर्घोत्तरे यांचेही तसेच आहे. त्यांना घड्याळ लावून लिहिलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकाच हव्यात.

संगणकावर अँकी विनामूल्य आहे, आणि अँड्रॉइड फोनवर अँकीड्रॉइड हे मोफत ॲप घ्यावे. शोधताना नाव नीट वाचावे, कारण मिळत्याजुळत्या नावांची वेगळी ॲप्सही दिसतात आणि त्यांतील काही वर्गणी मागतात. आयफोनवरील अधिकृत ॲपसाठी मात्र एकदा बऱ्यापैकी रक्कम भरावी लागते. ती भरायची नसेल, तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून तीच कार्डे फुकट पाहता येतात, फक्त त्यासाठी नेट चालू असावे लागते.