डिस्कव्हर पास : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्यांना डिस्कव्हर पास म्हणजे काय हे सांगायला नको; इतरांसाठी एवढेच की राज्य उद्यानांसारख्या राज्याच्या जागांवर गाडी नेण्यासाठी लागणारा हा वार्षिक परवाना आहे. मी तो मागच्या ऑगस्टमध्ये गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना ३० डॉलरला घेतला. तेथे घेतला की दुकानात किंवा संकेतस्थळावर द्यावे लागणारे वरचे शुल्क वाचते, हे आधी ठाऊक असल्यामुळे मी दोन महिने थांबले होते. त्यानंतर लवकरच, ऑक्टोबर २०२५ पासून, तोच पास ४५ डॉलरचा झाला, तेव्हा थांबल्याचे समाधान आणखी वाढले. एका दिवसाचे १० डॉलर धरले तर माझे पैसे तीन फेऱ्यांत वसूल झाले. नव्या दराने पाच फेऱ्या कराव्या लागतील.

असे असूनही मे महिन्यात या पासाचा मला मनापासून राग आला. त्यावर दोन गाड्यांचे क्रमांक लिहिता येतात, पण पास एकच असतो आणि तो आरशाला टांगलेला दिसावा लागतो. रत्नागिरीहून आलेल्या आईबाबांना घेऊन मी डिसेप्शन पासला (ही सामुद्रधुनी, आणि तिच्याच नावाचे राज्य उद्यान) पोहोचले, तेव्हा आमचा पास नवऱ्याच्या गाडीत, त्याच्या कार्यालयाच्या वाहनतळावर लटकत होता. वर्षाचे पैसे भरलेले, पासावर माझ्या गाडीचा क्रमांक स्वच्छ अक्षरांत लिहिलेला, आणि तरीही यंत्रात पुन्हा १० डॉलर भरावे लागले. आजकाल वाहनतळावरही गाडीचा क्रमांक टिपून पैसे घेता येतात. मग २०११ पासून चालत आलेल्या या पासाला अजून कागदाचे लटकनच का लागते, हे मला समजलेले नाही. रक्कम मोठी नव्हती, परंतु दिलेल्या पैशांचे पुन्हा पैसे देणे मला कधीच सहन होत नाही.

त्या दिवसाचा राग ओसरला तो त्याच उद्यानातील रोझारियोच्या किनाऱ्यावर. बाबांनी आदल्या रात्रीच दिनदर्शिका पाहून सांगितले होते की अमावास्या आहे, म्हणजे उधाण असणार आणि ओहोटीही खोल जाणार. अष्टमीला आलो असतो तर भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, पाण्यात कातळ फारसा उघडा पडला नसता. मी फोनवर ओहोटीची वेळ तपासली आणि त्यांचे अनुमान बरोबर निघाले. येथे हिवाळ्यातील खोल ओहोट्या रात्री येतात आणि वसंतापासून त्या भर दिवसा पाहायला मिळतात, ही गोष्ट मात्र बाबांना नवी होती. कातळाच्या खाचेत एक जांभळा आणि त्याला बिलगून एक नारिंगी तारामासा होता. शेजारचे समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) पाणी उतरल्यामुळे मिटले होते आणि त्याच्या अंगाला शिंपल्यांचे बारीक तुकडे चिकटले होते. आई ओणवी होऊन बराच वेळ पाहत राहिली, पण तिने बोट लावले नाही. २०१३ पासून पसरलेल्या रोगाने या किनाऱ्यावरील तारामासे मोठ्या संख्येने मेले, हे ठाऊक असल्यामुळे ते दोन जिवंत पाहून मला फार बरे वाटले.

नंतर आम्ही सामुद्रधुनीवरच्या पुलावर गेलो. १९३५ साली बांधलेला हा पूल पाण्यापासून सुमारे १८० फूट उंच आहे आणि त्याची पायवाट इतकी अरुंद आहे की समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते. मालमोटार गेली की पायाखालची जमीन थरथरते. बाबांनी कठडा घट्ट धरला आणि खाली फिरणारे भोवरे पाहत राहिले. इंग्रज दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरला १७९२ मध्ये व्हिडबी हे बेट द्वीपकल्प वाटले होते, आणि ही सामुद्रधुनी सापडल्यावर आपली फसगत झाली म्हणून त्याने तिला डिसेप्शन, म्हणजे फसवणूक, हे नाव दिले, ही हकिकत बाबांनी दोनदा सांगायला लावली.

पास कुठे चालत नाही, हेही नमूद करते. माउंट रेनियर आणि ऑलिंपिक ही राष्ट्रीय उद्याने आहेत, तेथे तो दाखवून उपयोग नाही. राष्ट्रीय वनांच्या अनेक पायवाटांनाही वेगळा परवाना लागतो. उलट, राज्य उद्यानात रात्रीच्या मुक्कामाचे पैसे भरले असतील, तर तेथे या पासाची गरज पडत नाही.

येथवर लिहून ठेवले होते, तेव्हा माझे मत दुसरा पास घ्यावा लागणार असे होते. मागच्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रंथालयात मुलीची पुस्तके परत करायला गेले, तर तेथे डिस्कव्हर पास घातलेली पाठपिशवी पुस्तकांप्रमाणेच उसनी मिळते असे कळले. तिला मोठी प्रतीक्षायादी असते, त्यामुळे आयत्या वेळी तिचा उपयोग होणार नाही. परंतु अमावास्या आणि पौर्णिमा कधी आहेत हे आपल्याला वर्षभर आधी ठाऊक असते. बाबा परत जाण्यापूर्वी एक उधाण शिल्लक आहे, आणि पिशवीसाठी मी नाव नोंदवून आले आहे.