लॅपटॉप घेताना आधी प्लग बघा

आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डवाले दोन गेमिंग लॅपटॉप, एक काळा, एक राखाडी. दोन्हींत १६ जीबी रॅम, १४४ हर्ट्झचा स्क्रीन, किमतीत चारेक हजारांचा फरक. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, वॉरंटी बाकी आहे आणि कस्टमर केअरशी भांडणही. महागातला काळा मी घेतला, राखाडी मावसभावानं. त्यामुळे दोन्ही हाताखालून गेलेत.

काळा घेतला तो वॅटसाठी: जास्त वॅट, तर गेम जास्त पळणार, असा माझा समज. नाव ४०६० असलं तरी कार्डाला वीज किती द्यायची ते लॅपटॉप कंपनी ठरवते. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं ३५ ते ११५ वॅट अशी ऐसपैस मोकळीक ठेवलीय, वर बूस्टचे, म्हणजे गरजेपुरते जादा, २५. काळ्यात पूर्ण १४०, राखाडीत सगळं धरून १००. कॉलेज रोडच्या दुकानात मी हा आकडा विचारत होतो आणि सेल्समन कीबोर्डचे रंग बदलून दाखवत होता.

घरी खोका उघडला, तर केबलच्या टोकाला गिझरचा प्लग. तोच, जाड पिनांचा, १६ अँपियरचा. आमचं घर सिडकोतलं, जुनं. १६ चे पॉइंट दोनच, एक बाथरूमबाहेर, दुसरा ओट्यावर. म्हणजे गेम खेळायचा तर कुकरशेजारी उभं राहून.

आता हिशेब करा. अडॅप्टर २३० वॅटचा. वाया जाणारी वीज धरून २६० समजू. आपल्याकडच्या २३० व्होल्टला हे सव्वा अँपियरसुद्धा होत नाहीत. आईची १००० वॅटची इस्त्री साध्या ६ अँपियरच्या प्लगवर वर्षानुवर्षं चालतेय. मग ह्याला कसला माज?

कस्टमर केअरचं उत्तर, ‘सर, सेफ्टीसाठी आहे.’ ६ ची केबल द्या म्हटलं, तर पार्ट उपलब्ध नाही. फोनवर म्हणतात कन्व्हर्टर लावा. तेच मेलवर लिहून मागितलं, तर ‘कंपनीने दिलेलीच ॲक्सेसरी वापरावी’. तिकीट बंद. मी परत उघडलं, त्यांनी परत बंद केलं.

शेवटी एम.जी. रोडवरून कन्व्हर्टर आणला. एक्स्टेंशन बोर्डात तो त्या प्लगच्या वजनानं वाकतो. जरा पाय लागला की चार्जिंग तुटतं, लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि ऐन लढाईत फ्रेम्स, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर. वर मे महिन्यात नवीनच त्रास सुरू झाला: घामट मनगट कीबोर्डखालच्या धातूला टेकलं की झिणझिण्या. भावाच्या राखाडीला असलं काही नाही, पण त्याची बॉडी प्लॅस्टिकची. तक्रार केली, कंपनीचा इंजिनिअर आला आणि ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ सांगून गेला.

मदरबोर्ड यायच्या आत पंख्याच्या कामाला आमचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं सहज लॅपटॉपला टेस्टर लावला, तर दिवा पेटला. ‘भाऊ, बोर्ड ठीक आहे, तुमच्या कन्व्हर्टरची अर्थिंगची पिन नुसती शोभेची आहे.’ मग अडॅप्टर उलटापालटा करून बघितला आणि केबल उपसूनच काढली. ‘ही तर सीपीयूची केबल!’

खरंच, अडॅप्टरकडचं टोक डेस्कटॉपला असतं तेच. माळ्यावरच्या जुन्या सीपीयूची ६ अँपियरवाली केबल काढली, पुसली, लावली. टेस्टर गप्प, झिणझिण्या गायब. खर्च शून्य. मदरबोर्डची ऑर्डर रद्द करायला मात्र फोनवर अर्धा तास गेला.

प्लगचा राग उतरल्यावर दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून सायबरपंक हा जड गेम चालवला, आणि वॅटबद्दलचं माझं मत बदललं. ४०६० शंभराच्या पुढे फारसं काही काढतच नाही. फ्रेम्सचा आकडा झाकला तर कुठला कोणता, सांगता येत नव्हतं. फॅन मात्र माझाच जास्त बोंबलतो. निव्वळ खेळायचंय त्यानं चार हजार वाचवावेत, असं मी तेव्हा भावाला म्हणूनही गेलो.

पण मग त्यानं लग्नाचे फोटो उघडले. त्याचा स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाला, म्हणजे कमी रंग दाखवणारा, हळदीचा पिवळा पार धुतल्यासारखा. माझा १०० टक्के एसआरजीबी, म्हणजे रंग पुरेपूर. शिवाय त्याच्यात रॅमची एकच पट्टी. दुसरी घालून घेण्यात त्याचे वाचलेले पैसे गेले. माझ्यात ८-८ च्या दोन आधीपासून. बॅटरी दोघांचीही सारखीच रडकी. तेव्हा ह्या दोघांत मी अजूनही काळाच घेईन, तो स्क्रीनसाठी.

फक्त दुकानात अडॅप्टर खोक्याबाहेर काढायला लावा. केबल सुटी होते का आणि टोक सीपीयूवालंच आहे का ते बघा. तसं असेल तर १६ चा प्लग पाहून बिचकू नका. नवीन केबल घ्यायची तर तीन पिनांची, आयएसआय छापाची, वर ०.७५ स्क्वेअर एमएम लिहिलेली घ्या. आणि इंजिनिअर यायचा असेल त्या दिवशी कंपनीचीच केबल लावून ठेवा, उगाच वॉरंटीचा विषय नको.