भोंग्याचे ट्रान्सफॉर्मर घेताना छापील रिपोर्टवर जाऊ नका

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेसाठी आम्ही भोंग्यांचे नवे लाइन ट्रान्सफॉर्मर (अॅम्प्लिफायरच्या लाइनचं व्होल्टेज भोंग्याला झेपेल इतकं उतरवणारे) घेतले. २० वॅट, १०० व्होल्ट, शुद्ध तांब्याचं वाइंडिंग, असं बिलावरसुद्धा लिहिलेलं. "भाऊ, डोळे झाकून न्या," म्हणत दुकानदाराने मीटरवर ओहम दाखवले आणि १ किलोहर्ट्झच्या चाचणीचा रिपोर्टही हातात ठेवला.

यात्रेत ढोलाचा ठोका पडला की आवाज फाटायचा आणि अॅम्प्लिफायर तापून बंद पडायचा. भोंगे बदलले, वायरी तपासल्या. जुने ट्रान्सफॉर्मर जोडले तेव्हा कुठे गजर नीट ऐकू आला. भाविकांसमोर ऐन वेळी अशी बेअब्रू करणारा माल कुणाच्या माथी मारू नये!

मीटरवर दिसतो तो फक्त तारेचा रेझिस्टन्स. २० वॅटच्या टॅपचा (जोडणीच्या टोकाचा) खरा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा अडथळा, १०० चा वर्ग भागिले २०, म्हणजे ५०० ओहम, आणि तो मीटरच्या ओहम रेंजवर कळतच नाही. रिपोर्टची मेख वेगळी होती. व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवरून १०० हर्ट्झवर आणली, की कोअरमधला (आतल्या लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, १० पट होतो. लहान कोअर वरच्या सुरात पास होतो, खर्जात सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स मावत नाही. मग अॅम्प्लिफायरला लाइन जवळजवळ शॉर्टच झाल्यासारखी वाटते. चाचणी किती व्होल्टवर केली, हे तर रिपोर्टात नव्हतंच.

घरी आल्यावर सेकंडरी (भोंग्याकडची बाजू) मोकळी ठेवली, प्रायमरीच्या (लाइनकडच्या बाजूच्या) सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर घातला आणि मोबाइलवरून अॅम्प्लिफायरला १०० हर्ट्झचा टोन देत लाइन हळूहळू १०० व्होल्टपर्यंत नेली. पूर्ण लोडवर २० वॅटचा ट्रान्सफॉर्मर ०.२ अॅम्पिअर घेतो, म्हणजे त्या रेझिस्टरवर २ व्होल्ट दिसतात. लोड नसताना आकडा याच्या कितीतरी खाली हवा. जुन्याचा तसाच आला. नव्याचा २ व्होल्टच्याही वर! (१०० व्होल्टचा झटका जोरदार बसतो, जोडणी अॅम्प्लिफायर बंद करूनच करा.)

एक नग उघडला. तारेवरचं लालसर एनॅमल ब्लेडने खरवडलं, तर आत पांढरं अॅल्युमिनियम.

दुकानदार आता ओळखही दाखवत नाही. पण पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणारा कायद्याने ग्राहकच ठरतो, म्हणून आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. बिल, रिपोर्ट आणि उघडलेला नग जपून ठेवला आहे.